उलटा ठेवलेला माऊस

माझ्या डाव्या बटणावर मसुराच्या दाण्याएवढा एक गुळगुळीत डाग आहे. बाकी माझे अंग खरबरीत आहे, कारखान्यातून आले तसेच. त्या एका जागी मात्र बोटाने घासून घासून प्लास्टिक इतके झिजले आहे की उजेडात ते ओले असल्यासारखे चमकते. उजव्या बटणावर असा डाग नाही. त्याला फारसे कोणी विचारतच नाही.

मित्रांनो, मी एक जुना माऊस आहे. मला पाय नाहीत, शेपूट आहे. डोळा एकच आहे, आणि तोही पोटाला. त्याच्याजवळ एक बारीक लाल दिवा जळतो. त्या उजेडात मी टेबलाचे फोटो काढत राहतो, एका सेकंदात शेकड्यांनी, आणि आधीचा फोटो नव्या फोटोशी ताडून आपण किती सरकलो ते संगणकाला सांगतो. म्हणजे आयुष्यभर मी पाहिले ते फक्त टेबल, तेही दोन-तीन मिलिमीटरवरून. त्यापलीकडचे जग मी ऐकून ओळखतो. टेबलाजवळ कोणी बोलले की लाकूड थरथरते आणि ती थरथर माझ्या अंगात येते. त्यामुळे ऐकण्यात मी पटाईत आहे.

माझा जन्म साच्यात झाला. गरम प्लास्टिक आत शिरले, थंड झाले, आणि मला पाठ मिळाली. कोणी तरी पोटात दिवा आणि भिंग बसवले, कोणी शेपूट जोडले. शेवटच्या टेबलावर एक बाई होती. तिने मला दोनदा दाबले, कानाजवळ नेले, पुन्हा दाबले. "बोलतोय छान," असे म्हणून तिने मला खोक्यात घातले. ती माझी पहिली शाबासकी. पुढे पुष्कळ मिळाल्या, पण पहिलीची चव वेगळी असते.

खोके उघडले ते एका नेत्ररुग्णालयात. तळमजल्यावर, औषधांचे थेंब देतात त्या खिडकीच्या शेजारी, संगणकाची छोटी खोली होती. तिथे जी मुलगी काम करी तिला सगळे ताई म्हणत. तिच्या दुप्पट वयाचे शिपाईसुद्धा ताईच म्हणत आणि तिला त्याची सवय झाली होती. तिचा हात हलका होता. ती कधी चिडून मला आपटत नसे. संगणक अडला तर ती मला तळहाताखाली तसाच धरून शांत बसून राही आणि विचार करी. ते क्षण मला फार आवडत.

त्या काळी तपासणीची वेळ फोनवर मिळायची. भिंतीपलीकडे फोनवाले काका बसत. त्यांचा आवाज भिंत ओलांडून येई.

"आजी, उजवा डोळा की डावा? नाही, तुमचा उजवा. माझा नाही. मला इथून काय कळणार तुम्ही कुठे तोंड करून उभ्या आहात ते!"

फोन सतत वाजे. काका वैतागत, पण ठेवत नसत. एखादा आजोबा आपला सगळा जन्मवृत्तांत सांगू लागला तरी शेवटी ते म्हणत, "बरं, मग मंगळवारी सकाळी या. सोबत कोणाला तरी आणा."

मग रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टरांनी ठरवले की वेबसाइट करायची. त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत. मोतीबिंदू काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. स्वभावाने चांगले, फक्त घाईचे. वेबसाइट बांधायचे काम ताईकडे आले, म्हणजे माझ्याकडे आले. आम्ही दोघांनी महिनोन् महिने खपून ती उभी केली. प्रत्येक चित्र मी ओढून जागेवर बसवले. तपासणीचा दिवस निवडायला एक सुंदर दिनदर्शिका केली. तारखेवर मला नेऊन एक टिचकी मारली की तारीख फुलासारखी उमलायची. निदान ताई तसे म्हणायची.

मोठे डॉक्टर खुर्ची ओढून शेजारी बसत आणि सूचना देत. त्यातली एक मला नीट आठवते.

"ताई, ही अक्षरं फार काळी आहेत. आपले पेशंट डोळ्यांत थेंब घालून बसलेले असतात. बाहुल्या मोठ्या झालेल्या, उजेड सोसत नाही. सगळं सौम्य करा. फिकं राखाडी. डोळ्यांना गारवा वाटला पाहिजे."

"पांढऱ्यावर फिकं राखाडी? दिसेल का सगळ्यांना?"

"मी डोळ्यांचा डॉक्टर आहे की तुम्ही?"

ते हसले, ताईही हसली, आणि अक्षरे फिकी झाली.

दुसरी सूचना दलालांमुळे आली. काही लोक यंत्राकडून भराभर वेळा अडवून ठेवतील आणि मग विकतील अशी त्यांना धास्ती होती. म्हणून सर्वांत शेवटी एक चौकोन बसवला. त्यात वाकडीतिकडी, एकमेकांवर पडलेली अक्षरे येत. ती वाचून टाइप केली की मगच वेळ पक्की. चौकोनाच्या वर लिहिले होते: तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा.

उघडण्याच्या आदल्या आठवड्यात ताईने विचारले, "सर, एकदा आपल्या पेशंटनाच वापरायला देऊ या का? ज्यांना कमी दिसतं, ज्यांना अजिबात दिसत नाही, त्यांना. माऊस न वापरता, नुसत्या कीबोर्डवर. बऱ्याच जणांकडे स्क्रीन रीडर असतो, पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवतो तो. त्याच्यावर चालते का ते एकदा बघायला हवं."

"चांगली कल्पना आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. "बघू. उद्घाटन होऊन जाऊ दे."

उद्घाटन झाले. त्या दिवशी सभागृहातल्या टेबलावर मला ठेवले होते. एका पाहुण्यांनी माझ्यावर बोट ठेवून पहिली वेळ नोंदवली आणि टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून एक शिट्टीसारखा खणखणीत आवाज आला, "शाब्बास गं माझ्या वाघिणी!" ती ताईची आत्या होती. पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवण्यात तिचा जन्म गेला होता, त्यामुळे हळू बोलणे तिला जमत नसे. काचबिंदूने तिचा डावा डोळा पूर्वीच नेला होता. उजव्याने तिला मधले तेवढे दिसे, नळीतून पाहावे तसे. कडेचे काहीच नाही. तो उरलेला डोळा टिकावा म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी त्यातला दाब मोजावा लागे. दाब वाढला तर थेंब बदलावे लागत. ताईला आईवडील नव्हते. आत्यानेच तिला वाढवले होते. त्या डोळ्याची काळजी ताईला स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त होती.

उद्घाटनानंतर फोन बंद झाला. आता त्या नंबरवर एक बाई गोड आवाजात सांगे, "अपॉइंटमेंट फक्त वेबसाइटवर उपलब्ध आहे." फोनवाल्या काकांना गोदामात चष्म्याच्या काड्या मोजायला बसवले. भिंतीपलीकडे शांतता झाली. रुग्णालयातली गर्दी कमी झाली. मोठे डॉक्टर अभिमानाने म्हणत, "बघा, रांगा गेल्या! काचबिंदूच्या विभागात तर दुपारी बसायला खुर्ची मिळते."

ताई मधूनमधून विचारी, "सर, ते पेशंटना वापरायला द्यायचं..." आणि उत्तर येई, "बघू, या हिशेबाच्या गडबडीतून बाहेर पडू दे." मग, "बघू, नवीन यंत्र बसू दे." मी ते 'बघू' इतक्यांदा ऐकले की तो शब्द टेबलाच्या लाकडात मुरला असावा असे मला वाटू लागले.

माझ्याबद्दल म्हणाल, तर मी सुखात होतो. जिथे जावे तिथे दार उघडत होते. एक टिचकी, की पान उघडले. एक टिचकी, की तारीख पक्की. हे दार सगळ्यांनाच असे उघडते अशी माझी समजूत होती.

मग ती सकाळ आली.

खोलीचे दार ढकलल्याचा आवाज झाला, खुर्ची कशाला तरी धडकली, आणि आत्याचा आवाज आला. या वेळी तो हळू होता. 

"बाहेरच्या पोरीनं आत सोडलं नाही. म्हणते, वेबसाइटवरून वेळ घ्या. म्हटलं, वेबसाइटच्या आईकडेच जाते."

"आत्या! एकटी आलीस? आणि हे कपाळाला काय?"

"काही नाही गं. तलावात पडले."

"पोहताना?"

"पोहताना कोण पडतं, बावळट? काठावरून चालत होते. काठ संपला ते दिसलंच नाही. साडी, पर्स, घड्याळ, सगळ्यासकट पाण्यात. पोरं खो खो हसली. त्यांना वाटलं, बाई गंमत करून दाखवतात. मग मीही हसले. काय करणार?"

ताईचा हात माझ्यावर होता. तो उचलला गेला आणि तिची खुर्ची आत्याकडे वळली.

"तुझी तपासणी कधी झाली शेवटची?"

आत्याने पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

"आत्या, कधी झाली?"

"ही तुझी वेबसाइट झाल्यापासून नाही झाली. तू विचारायचीस तेव्हा 'जाऊन आले' म्हणायचे."

मित्रांनो, मी हिशेब केला. वेबसाइट होऊन वर्ष उलटले होते.

"मला का नाही सांगितलंस? मी दोन मिनिटांत वेळ घेऊन दिली असती!"

"सांगून काय सांगू? टाळ्या वाजवल्या होत्या मी. पहिल्या रांगेत बसून. आता तुलाच म्हणू का, की तुझं दार मला उघडत नाही? वाटलं, माझंच काही चुकतंय. आज ना उद्या जमेल. दर आठवड्याला बसत होते. शेजारणीला सांगायचं तर लाज वाटायची. आयुष्यभर दुसऱ्यांना बुडण्यापासून वाचवलं आणि एक साधी वेळ घेता येईना."

ताईने तिला उठवले आणि हाताला धरून थेट मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत नेले. मी टेबलावर एकटा राहिलो. परत आल्या तेव्हा तीन माणसांची पावले होती. मोठे डॉक्टर बोलत होते आणि त्यांच्या आवाजात राग होता. जपता आली असती अशी वस्तू फुटलेली पाहिल्यावर येतो तसा.

"दाब दुप्पट आहे. जे बघणं गेलं ते आता परत येणार नाही, बाई. मी थेंब बदललेत, आठवड्याने पुन्हा बघू, कदाचित ऑपरेशन लागेल. उरलं आहे ते वाचवायचंय. पण इतके महिने तुम्ही होतात कुठे?"

"तुमच्या दारातच होते डॉक्टर," आत्या म्हणाली. "पायरीवर बसून होते. आतून कोणी कडी काढेना."

"अहो, वेबसाइट इतकी सोपी आहे! माझी सात वर्षांची नात घेते वेळ."

"तिचे डोळे चांगले असतील."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ताई म्हणाली, "सर, तुम्ही बसा खुर्चीत. आत्याच्या नावाने पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन दाखवा. फक्त आत्या घेते तशी. तिला पडद्यावर माऊसचा बाण कुठे आहे तेच दिसत नाही, म्हणून माऊस नाही वापरायचा."

आणि तिने मला उचलले, उलटे केले आणि टेबलाच्या कडेला ठेवले.

मित्रांनो, माझा डोळा पहिल्यांदाच वर झाला. इतक्या वर्षांत मला वाटत आले होते की टेबलाच्या वर फार मोठे जग असेल, आणि ते एकदा पाहायला मिळावे. आता ते जग समोर होते आणि मला काहीच दिसेना. थोडा उजेड, थोडा काळोख, मध्ये काही तरी हलते आहे एवढेच. हात की चेहरा, कळत नव्हते. माझी भिंगे दोन-तीन मिलिमीटरसाठी घासलेली. त्यापुढचे सारे नुसते धुके. मी घाबरलो. आपण पाठीवर पडलो आहोत, समोर सगळे आहे आणि आपल्यापर्यंत काहीच पोहोचत नाही, ही भीती मी सांगू शकत नाही. आत्या रोज अशीच बसत असेल का, हा विचार मनात आला आणि मी अधिकच गारठलो.

कीबोर्डचा आवाज सुरू झाला. टक, टक, टक. मोठे डॉक्टर एकेक कळ दाबत पुढे जात होते.

"हां, नाव टाकलं. आता तारीख... तारीख घेत का नाही ही? पुढे जातेय, पण निवडली जात नाही." टक, टक. "छे!"

त्यांचा हात माझ्याकडे सरकला. टेबल थरथरले, मला समजले.

"डॉक्टर," आत्या म्हणाली. तलावावरचा आवाज परत आला होता. "काठ धरायचा नाही!"

हात जागीच थांबला. कोणी तरी फिसकन हसले. मला वाटते स्वतः डॉक्टरच. पण ते हसू लगेच विरले, कारण तारीख काही केल्या निवडली जात नव्हती. ती फुलासारखी उमलणारी दिनदर्शिका फक्त माझेच ऐकत होती. माझ्याशिवाय ती दगड होती.

"समजा, एखाद्या दिवशी शेजारच्या मुलाला बोलावून मी तारीख घेतली," आत्या म्हणाली. "घेतली होती तशी. तारीख टाकून पोरगं खेळायला पळायचं. पुढे चला. तुमची फिकी अक्षरं मला वाचता येत नाहीत, मी यंत्राकडून ऐकते. आता डोळे मिटा."

ताईने तेवढ्यापुरते मला सरळ करून, टिचकी मारून तारीख घेतली, पुन्हा उलटे ठेवले आणि स्क्रीन रीडर सुरू केला. यंत्राचा सपाट आवाज खोलीत घुमू लागला. "बटण. बटण. चित्र. लिंक. बटण."

"कसलं बटण?" डोळे मिटलेल्या डॉक्टरांनी विचारले. "पुढे जायचं की रद्द करायचं?"

"ते तो सांगत नाही," ताई म्हणाली.  "मी त्यांना नावंच दिलेली नाहीत. चित्रं काढली होती त्यांच्यावर. बाण आणि फुली. बघणाऱ्याला कळतात."

"मी दोनदा सगळं भरून रद्द केलं," आत्या म्हणाली. "तिसऱ्यांदा बरोबर जागी आले. दाबा. दुसऱ्यांदा 'बटण' म्हणेल ते. हां, आता ऐका."

आवाज म्हणाला, "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. चित्रात दिसणारी अक्षरे टाइप करा. चित्र."

आणि थांबला.

डॉक्टर वाट पाहत राहिले. त्यांनी पुन्हा कळ दाबली. "चित्र," आवाज म्हणाला. पुन्हा दाबली. "चित्र."

"एवढं सगळं करून इथे यायचं," आत्या म्हणाली. "इथे येऊन तो म्हणतो, माणूस आहेस ते सिद्ध कर. कसं करू डॉक्टर? तुमच्याकडे डोळ्यांसाठी यायचं, तर आधी डोळे दाखवा म्हणे! एकदा मी इतकी चिडले की मोठ्यांदा ओरडले, अरे मी माणूसच आहे मेल्या! शेजारीण धावत आली."



डॉक्टरांनी डोळे उघडले असावेत, कारण ते पुटपुटले, "इथे खाली काही तरी लिहिलंय... अडचण आल्यास... पुढे काय आहे?" त्यांची खुर्ची पुढे सरकली. मग ते उठले, शेजारच्या तपासणीच्या खोलीत गेले आणि काही तरी जड घेऊन आले. पुठ्ठ्याचा तक्ता होता तो, ताईच्या बोलण्यावरून कळले. त्यावर वरच्या ओळीत काळीभोर अक्षरे, आणि प्रत्येक ओळीला ती फिकी फिकी होत जातात. रुग्णाला कुठपर्यंत दिसते यावरून डोळा किती बिघडला ते डॉक्टर सांगतात. तो तक्ता त्यांनी पडद्याला टेकवून धरला. मी ऐकत होतो. पुठ्ठा पडद्याला घासत एकेक ओळ वर सरकत होता.

"शेवटची ओळ," ते म्हणाले. "ताई, आपली अक्षरं शेवटच्या ओळीइतकी फिकी आहेत. रोज सकाळी मी माणसं बसवतो या तक्त्यासमोर. शेवटची ओळ वाचता आली तर म्हणतो, जा, तुम्हाला काही झालेलं नाही. म्हणजे... म्हणजे ज्यांना काही झालेलं नाही त्यांनाच आपण आत घेतोय."

 ताई रडत होती. आत्याने तिला जवळ घेतले असावे. बांगड्यांचा आवाज माझ्यापर्यंत आला.

मित्रांनो, मी जुना झालो आहे. माझे बटण कधी कधी एका दाबात दोनदा वाजते, आणि एक दिवस माझ्या जागी नवा येईल याची मला कल्पना आहे. त्याचे दुःख नाही. दुःख या गोष्टीचे आहे की माझ्या पाठीवर हात ठेवून जगणाऱ्यांना, मी नसताना जग कसे असते हे कधी समजतच नाही. तुम्ही उद्या मोठे व्हाल, दारे बांधाल, पाने लिहाल, यंत्रे कराल. तेव्हा एक करा. मला उचला, उलटा ठेवा, डोळे मिटा आणि तुम्ही बांधलेल्या दारातून आत जाऊन दाखवा. नाही जाता आले, तर बाहेर कोण थांबले आहे ते आधी शोधा. मी वस्तू आहे, मला मागता येत नाही. पण तुम्ही माझी काळजी घेता, मला फडक्याने पुसता, तशीच त्या माणसांची घ्या, एवढीच माझी विनवणी आहे.

त्या सकाळचे थोडे सांगायचे राहिले आहे.

डॉक्टर खुर्चीत बसले. बाहेरच्या बाकांवर पंखा फिरत होता आणि बाकी काही ऐकू येत नव्हते. काचबिंदूचा विभाग समोरच होता.

"गर्दी कमी झाली," ते स्वतःशीच म्हणाले. "मी सगळ्यांना सांगत होतो. गर्दी कमी झाली." मग एकदम मोठ्याने, "ताई, ती माणसं बरी नाही झाली. बरी होण्यासारखा आजारच नाही हा. ती कुठे आहेत?"

"घरी," आत्या म्हणाली. "माझ्यासारखी. वाटत असेल, आपलंच चुकतंय."

 मला उजेड आणि काळोख हलताना दिसला. कोणी तरी उभे राहिले होते. दार उघडले. मोठे डॉक्टर कॉरिडॉरमध्ये जाऊन ओरडले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज एवढा चढलेला मी ऐकला नव्हता.

"गोदामातून काकांना बोलवा! फोन आत्ता, माझ्यासमोर जोडा. काचबिंदूचे जेवढे पेशंट यायचे थांबलेत, त्या प्रत्येकाला आपण फोन करायचा, आजपासून." मग ते आत वळले आणि खाली आवाजात, पण एकेक शब्द सुटा सुटा करत म्हणाले, "आणि ताई, तुम्ही वर्षभर विचारताय ना, पेशंटना वापरायला देऊ का? द्या. ही वेबसाइट आज बंद. आत्याबाई 'उघडा' म्हणतील त्या दिवशी उघडू."